झोपेचा रकाना

माणसं तीन आणि तास चोवीस. तीन-तीन तासांचे पहारे लावले की दिवसाचे आठ तुकडे होतात, आणि आठाला तीनने भाग जात नाही. कागदावर ही अडचण वाटते. बोटीवर तीच सोय ठरते. आज रात्री बारा ते तीन मी बसलो, तर उद्या दुसरा बसतो, परवा तिसरा, आणि मग पुन्हा माझी पाळी येते. कोणालाच नको असलेला हा तुकडा असा आपोआप फिरत राहतो. वेळापत्रक कोणी बनवायचं, कोणाला झुकतं माप मिळालं, हे वाद उद्भवतच नाहीत. तीन तास पहारा, सहा तास सुट्टी. ऐकायला सहा तास भरपूर वाटतात. पण त्यात जेवायचं असतं, रांधायचं असतं, काहीतरी दुरुस्त करायचं असतं, ओले कपडे उतरवून कोरडे चढवायचे असतात, आणि हे सगळं एका हाताने, कारण दुसरा हात कायम कशाला तरी धरलेला असतो. उरेल ती झोप.

काम होतं बोट पोचवण्याचं. कॅनरी बेटांमधल्या लास पाल्मास बंदरातून कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर, सुमारे 2,700 सागरी मैल, बेचाळीस फुटी शिडाची बोट. मालक विमानाने जातो; बोट आमच्यासारखे लोक नेतात. या धंद्यात याला नुसतं ‘डिलिव्हरी’ म्हणतात. युरोपातल्या बोटी दर हिवाळ्यात या वाटेने पलीकडे जातात. चक्रीवादळांचा हंगाम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत धरला जातो, त्यामुळे नोव्हेंबर संपत आला की लास पाल्मासच्या धक्क्यावर लगबग सुरू होते. 1990 पासून तिथून सेंट लुशियाला जाणारा मोठा ताफाही दरवर्षी सुटतो. त्या दिवसांत गावातल्या बोटीच्या सामानाच्या दुकानात एखादी साधी कडी किंवा शॅकल मिळवायलाही रांग लावावी लागते.

वाट जुनीच. कोलंबस 1492 मध्ये याच बेटांवरून पश्चिमेला निघाला. शाळेच्या भूगोलात आपण ईशान्य व्यापारी वारे पाठ केलेले असतात: अझोर्स बेटांजवळ जास्त दाबाचा पट्टा, तिथून विषुववृत्ताकडे वाहणारी हवा, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिला आलेला पश्चिमेकडचा कल. हे वारे गाठायचे म्हणून लास पाल्मासहून सरळ पश्चिमेला निघत नाहीत. आधी दक्षिणेला उतरायचं, आणि भांड्यातलं लोणी वितळायला लागलं की उजवीकडे वळायचं, असं जुने खलाशी सांगत. आता रोज हवामानाचा नकाशा उपग्रहावरून उतरवता येतो. आमच्या स्किपरने तरी लोण्याचा डबा ओट्यावर उघडा ठेवला होताच. सहारातून येणारी तांबडी धूळ पहिले काही दिवस आमच्याबरोबर होती; दोरांवर, शिडांवर, दातांतसुद्धा.

मी रत्नागिरीचा, आणि त्याआधी व्यापारी जहाजांवर थर्ड मेट होतो. तिथला वॉच चार तासांचा, मग आठ तास सुट्टी. आठ ते बारा हा थर्ड मेटचा, सकाळी आणि रात्री. ब्रिज पाण्यापासून तीसेक मीटर उंच, त्यामुळे क्षितिज अकरा मैलांवर. वातानुकूलित खोलीत उभं राहून समुद्राकडे वरून बघायचं. बोटीच्या कॉकपिटात उभं राहिलं की डोळे पाण्यापासून जेमतेम तीन मीटरवर असतात आणि क्षितिज साडेतीन मैलांवर येऊन ठेपतं. लाट आली की तेही दिसत नाही. वीस नॉट वेगाने येणारं कंटेनर जहाज धूसर हवेत दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मिळतात. म्हणून कॉकपिटात स्वयंपाकघरातला एक टायमर टांगलेला असे. दर दहा मिनिटांनी तो वाजायचा, उठून चारी दिशा बघायच्या, पुन्हा फिरवून ठेवायचा. एआयएस, म्हणजे जहाजांनी आपली ओळख प्रसारित करण्याचं यंत्र, त्याच्या पडद्यावर जहाजांची नावं आणि वेग दिसतात हे खरं, पण ते यंत्र बंद असलेली होडी त्यावर दिसत नाही, आणि डुलकी लागलेल्या माणसाला पडदाही दिसत नाही.

स्किपर फ्रान्समधल्या ब्रिटनीची, पन्नाशी ओलांडलेली बाई. तिसरा एक तरुण पोर्तुगीज मेकॅनिक, इंजिनाला हात लावला की खुलणारा, शिडांबद्दल मात्र जरा अधीर. स्किपरच्या लॉगबुकात नेहमीचे रकाने होते: वेळ, स्थान, दिशा, वेग, वारा, हवेचा दाब. आणि उजव्या टोकाला पेन्सिलीने आखलेला एक जास्तीचा, ज्यावर आमच्या तिघांची आद्याक्षरं होती. पहारा संपवून खाली जाणारा नोंदी करायचा, आणि वर येणाऱ्याने आपल्या अक्षराखाली आकडा लिहायचा: किती तास झोपलो. पडून राहिलेले तास नाही, खरी झोप. मला पहिल्यांदा ही विक्षिप्तपणाची गोष्ट वाटली. जहाजावर विश्रांतीच्या तासांचे तक्ते आम्हीही भरायचो. ते तपासणीला आलेल्या साहेबासाठी असायचे आणि सगळ्यांचे आकडे सुंदर जुळायचे. इथे तपासायला कोणी येणार नव्हतं. ती त्या आकड्यांवरून बोट चालवत होती.

चोवीस तासांत एखाद्याची बेरीज पाचाच्या खाली गेली की त्याला त्या दिवशी रांधण्यातून सुटका. दोघांची गेली की संध्याकाळी शीड आणखी लहान. हवेचा दाब ती जितक्या गांभीर्याने वाचायची तितक्याच गांभीर्याने हा रकाना. दाबाचं तिथे एक वैशिष्ट्य आहे. उष्ण कटिबंधात तो दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारला खाली. फरक दोन-तीन मिलिबारचाच, पण घड्याळ लावावं इतका नियमित. त्या नियमाबाहेर काट्याने पाऊल टाकलं तर सावध व्हायचं. माणसांचंही ती तसंच बघत होती. कोण किती थकलाय यापेक्षा कोणाचा आकडा रोजच्याहून घसरलाय, याकडे तिचं लक्ष.

संध्याकाळी शीड लहान करण्यावरून मात्र वाद झाला. सूर्य मावळायच्या आत मोठ्या शिडाची एक पट्टी गुंडाळून टाकायची, वारा कितीही शहाण्यासारखा वाहत असला तरी, असा तिचा नेम. त्याने रात्रीचा वेग साधारण एका नॉटने कमी होतो. बारा तासांचे बारा मैल. मेकॅनिकने हिशोब मांडला: तीन आठवड्यांत अडीचशे मैल, म्हणजे जवळजवळ दोन दिवस आपण फुकट घालवतोय. स्किपर म्हणाली, “बरोबर आहे. आता रात्री दोनला वावटळ आली आणि तिघांना डेकवर यावं लागलं, तर किती तास जातील ते मांड.” तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं त्याला. मलाही सगळं पटलेलं नाही. काही रात्री इतक्या निरभ्र आणि वारा इतका सरळ होता, की तिने उगाच लगाम ओढून धरला असं मला आजही वाटतं.

पण वावटळी आल्या तेव्हा ती बरोबर होती. त्या भागात रात्रीच्या वावटळी म्हणजे अचानक उगवणारी वादळं नव्हेत. मागून एक काळा ढग चालत येतो, त्याच्या बुडाशी चांदण्या नाहीशा होतात, रडारवर पावसाचा डाग दिसतो. त्याच्या पुढच्या कडेशी वारा वीसचा तीस-पस्तीस नॉट होतो, दिशाही थोडी फिरते, मग धो धो पाऊस, आणि अर्ध्या तासात सगळं शांत. मागे जरा जास्तच शांत. बोट नुसती डोलत राहते आणि शीड फडफडतं. शीड आधीच लहान असलं की एकट्याने सुकाणू सांभाळून हे निभावता येतं. मोठं असलं की माणूस उठवावा लागतो.

वारा पाठीमागून असला की तो कमीच वाटतो, ही त्यातली खरी फसगत. वीस नॉटचा वारा आणि आपण सात नॉटने त्याच्याच दिशेने चाललोय, तर अंगाला लागतो तेराचा. उघड्या अंगाने बसता येतं, चहा सांडत नाही, आणि बोट मात्र पेलवेल त्याच्या काठावर धावत असते. शिडाचा खालचा आडवा दांडा, बूम, एका बाजूला पार बाहेर सोडलेला असतो. लाटेने बोट वळली आणि वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला गेला, तर तो दांडा सगळ्या ताकदीने पलीकडे फिरतो. त्याने डोकी फुटली आहेत, डोलकाठ्या मोडल्या आहेत. म्हणून त्याला पुढून एक दोर बांधून ठेवतात. तो दोर, त्याची गाठ, त्याचं घासणं, हे दर पहाऱ्याला टॉर्च मारून बघायचं.

घासणं हा तर दिवसाउजेडीचा खरा उद्योग. एकाच वाऱ्यावर, एकाच बाजूला, दिवसचे दिवस बोट चालते, म्हणजे प्रत्येक दोर त्याच जागी, त्याच कप्पीवर लाखो वेळा हलतो. शीड वर ओढून धरणारा दोर रोज थोडासा सैल किंवा ताठ करायचा, म्हणजे झिजणारी जागा बदलते. जिथे शीड तारेला टेकतं तिथे जुन्या कापडाची चिंधी बांधायची. सकाळी उजेड झाला की पट्टा अडकवून डेकवर एक फेरी मारायची. रात्री येऊन पडलेले उडते मासे गोळा करून टाकायचे, नाहीतर दुपारपर्यंत त्यांचा वास कुठून येतो ते शोधत बसावं लागतं. एखादी पिन, एखादा स्क्रू डेकवर सापडला की पोटात गोळा येतो. तो कुठून तरी निसटलेला असतो आणि ती जागा बहुतेक वेळा डोक्यावर वीस मीटर उंच असते. वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू आमच्याकडे होतं. वीज न खाता ते वाऱ्याशी कोन राखून बोट नेतं. त्याच्या पात्यात सरगॅसम अडकायचं, ते काठीने काढायचं. 2011 पासून अटलांटिकच्या या भागात हे पिवळट तपकिरी शेवाळ फार वाढलंय. त्याच्या लांबच लांब पट्ट्या वाऱ्याच्या रेषेत तरंगत असतात, आणि मासे धरायला मागे सोडलेल्या दोरीला माशाऐवजी तेच लागतं.

एकदा डोराडो लागला. पाण्यातून वर येताना सोनेरी, हिरवा, निळा. डेकवर काही मिनिटांत करडा. त्या दिवशी रांधण्याची पाळी माझी होती.

बोटीवरची शेगडी झुलती असते. बोट कलली तरी ती पाण्याच्या पातळीत राहते. भांडी चिमट्यांत अडकवलेली. तरी उघड्या भांड्यातलं उकळतं पाणी हा बोटीवरचा मोठा धोका, आणि इथे आपला प्रेशर कुकर कामाला येतो. झाकण लागतं, उपडा झाला तरी सांडत नाही, गॅस कमी लागतो. युरोपातले जुने दर्यावर्दीही बोटीवर कुकर बाळगतात, फक्त शिट्ट्या मोजत नाहीत. माझी मुगाची खिचडी पहिल्यांदा दोघांनी सौजन्याने खाल्ली. नंतर पहाटे तीनला खाली जाणारा प्रत्येकजण ‘तो पिवळा भात’ उरलाय का ते विचारायला लागला. रात्री गार झालेली खिचडी वाटीत घेऊन चमच्याने, अंधारात, एका हाताने खाता येते. आईने दिलेली आमसुलं होती. त्यांचं सार मी पहिले चार दिवस केलं, कारण पोटात दुसरं काही ठरत नव्हतं. पुढे मेकॅनिकने तो डबा आपल्या बंकाखाली हलवला.

भाजीपाल्याचं नियोजन म्हणजे काय टिकतं याचा अभ्यास. कोबी, कांदे, बटाटे, लाल भोपळा शेवटपर्यंत पोचतात. फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली अंडी दोन-चार दिवसांनी उलटी करत राहिलं की आठवडेच्या आठवडे चालतात. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर चढवायचीच नाहीत. त्यांत झुरळांची अंडी येतात. केळ्यांचा हिरवा घड मागच्या कठड्याला टांगला होता. तो दहा-अकरा दिवस हिरवाच राहिला आणि मग एका दुपारी सगळाच पिकला. दोन दिवस आम्ही केळी, केळ्याचं शिकरण आणि केळ्याच्या पोळ्या खाल्ल्या.

गोडं पाणी पिण्यापुरतं. समुद्राचं पाणी गाळून गोडं करणारं यंत्र होतं, पण त्याच्या भरवशावर टाकी रिकामी करायची नाही, असा दंडक. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, अंघोळ बादलीने, शेवटी गोड्या पाण्याचा एक लोटा. खाऱ्या पाण्यात भिजलेला कपडा कधीच पुरता वाळत नाही, कारण मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. म्हणून प्रत्येकाने एक चादर आणि एक उशीचा अभ्रा मिठापासून जपून ठेवलेला. ओल्या पँटने बंकावर बसणं हा गंभीर गुन्हा मानला जाई. संडासात पुरुषांनीही बसूनच जायचं, हा नियम दारावर चिकटवलेला होता. बोट दोन्ही बाजूंना वीस अंश डोलत असताना त्याबद्दल कोणी हुज्जत घालत नाही.

झोपायची जागा निवडणं हेही कसब. पुढची केबिन छायाचित्रात देखणी; भर समुद्रात तिथला माणूस गादीवरून उडतो. झोपायचं मधल्या भागात, खालच्या बंकावर, कडेला कापडाचा पडदा ताणून, म्हणजे कुशीवरून खाली पडत नाही. कानापासून वीतभर अंतरावर पाणी वाहत असतं, आणि त्याचा आवाज लवकरच अंगवळणी पडतो. पडत नाहीत ते बारीक आवाज: कपाटातला एक डबा, जो दर डोलण्याला टक् करून इकडे आणि टक् करून तिकडे जातो. उठून शोधायला गेलं की थांबतो. सगळे मोजे, टॉवेल, टी-शर्ट डब्यांच्या फटींत कोंबून झाले. शेवटी पेन्सिलीचा एक तुकडा सापडला. त्याने दोन रात्री माझ्या नावापुढे साडेतीन-साडेतीन लावले होते.

उठवण्याचे तर अलिखित कायदे होते. पहारा बदलायच्या पंधरा मिनिटं आधी उठवायचं, आणि उठवताना तीन गोष्टी सांगायच्या: वारा किती, पाऊस आहे का, जाकीट लागेल का. मेकॅनिकला दिवा लावून उठवलेलं चालायचं. मला पायाला हात लावून. स्किपरला बहुतेक वेळा उठवावंच लागायचं नाही; बोटीचा आवाज बदलला की तिचे डोळे उघडायचे. आणि एक लेखी नियम: शंका आली की उठवा. “उठवू की नको असा विचार मनात आला, म्हणजे उत्तर मिळालं,” असं ती म्हणायची. जहाजावरही कप्तानाच्या रात्रीच्या आदेशांत असंच लिहिलेलं असे, आणि तिथे प्रत्यक्षात उठवलं की कप्तान काय म्हणेल ही धाकधूक असायची. इथे मी एकदा एका ढगासाठी तिला उठवलं, ढग दुसरीकडे निघून गेला, ती वीस मिनिटं माझ्याबरोबर बसली, केळं खाल्लं आणि झोपायला गेली. सकाळी तिच्या रकान्यात पूर्ण आकडा होता. तिने ती वीस मिनिटं वजा केली नव्हती.

चोवीस तास एका बेचाळीस फुटांत राहूनही तिघं एकत्र असे फक्त संध्याकाळच्या जेवणाला. बाकी वेळ एक वर, एक झोपलेला, एक काहीतरी करणारा. खरी भेट व्हायची ती पहारा बदलताना, पाच-सात मिनिटं. एक जण जागा होतोय, दुसऱ्याला जायची घाई नाही. मेकॅनिकच्या वडिलांचं आजारपण मला असं तुकड्यातुकड्यांनी कळलं, रात्री तीन, मग दुपारी बारा, मग रात्री नऊ. दिवसा समोर बसून त्याने ते सांगितलं नसतं, आणि मी विचारलं नसतं.

पश्चिमेला जाताना दर पंधरा रेखांशांनी घड्याळ तासभर मागे न्यावं लागतं. मग तो जास्तीचा तास कोणाच्या पहाऱ्यात जाणार? स्किपर तो संध्याकाळच्या जेवणात घालायची, म्हणजे तो तिघांनी मिळून खर्चायचा. घरी रत्नागिरीशी अंतर वाढत जाऊन साडेनऊ तासांवर गेलं. उपग्रहावरून 160 अक्षरांचा निरोप जायचा. आईचा ठरलेला प्रश्न, जेवलास का? आणि पाठोपाठ, झोपलास का? अक्षरं मोजून पाठवायची असल्याने मी लॉगबुकातला आकडाच कळवायचो. एकदा ‘४’ पाठवला, तर तिच्याकडून उलट टपाली ‘जहाजच बरं होतं’.

ध्रुवतारा रोज थोडा खाली येत होता. त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश. लास पाल्मासला अठ्ठावीस अंश, सेंट लुशियाला चौदा. मध्ये कुठेतरी तो सतरावर येतो, म्हणजे रत्नागिरीच्या आकाशातल्या उंचीवर. मृग डोक्यावरून सरकलेला, आणि पहाट व्हायच्या आधी दक्षिणेला सदर्न क्रॉस. हे सगळं सुंदर असतंच. पण झोप चारच्या खाली गेलेल्या रात्री क्षितिजावर उगवणारा प्रत्येक तारा जहाजाचा दिवा वाटतो, हेही तितकंच खरं.

अशा वेळी एकट्याने जाणाऱ्यांचा विचार हमखास येतो. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये थांबे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता. एकट्याला पहारा बदलून द्यायला कोणी नसतं. आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम तर सांगतो, की प्रत्येक जहाजाने सदैव नजर ठेवली पाहिजे. झोपलेल्या एकट्या माणसाला या नियमात कसं बसवायचं, यावर बंदरातल्या दारूच्या दुकानांत तासन् तास चर्चा होतात. मला त्यांच्या धैर्यापेक्षा त्यांच्या डुलक्यांच्या शिस्तीचं आश्चर्य वाटतं.

सेंट लुशियाच्या रॉडनी बे मध्ये शिरलो ते भर दुपारी. पिवळा झेंडा चढवला, आरोग्य, कस्टम, इमिग्रेशन असे शिक्के झाले, स्किपरने मालकासाठी दुरुस्तीची दोन पानी यादी लिहिली. तिने लॉगबुकाची मालकाची प्रत काढताना तो शेवटचा रकाना वगळला. मी कारण विचारलं. “त्याला वेग बघायचा असतो,” ती म्हणाली, “आणि तो आकडा काही फार चांगला नाहीये.”

तेव्हापासून डिलिव्हरीसाठी कोणाचा फोन आला की बोट कुठल्या कंपनीची, किती फुटी, शिडं नवी का जुनी, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, माणसं किती? मागच्या महिन्यात एका मालकाने सांगितलं, दोन. ऑटोपायलट अगदी नवा कोरा आहे. मी म्हटलं, तिसरा माणूस घ्या, माझ्या पैशातून थोडे कमी करा हवं तर. तो म्हणाला, विचार करून कळवतो.

अजून कळवलेलं नाही.